दीड कोटीची मोटार, आपली तीनचाकी आणि मोजायचं माप



आज आम्ही गाड्यांवर बोलणार आहोत. गाड्या म्हणजे आधी त्या मोठ्या, दीड-दोन कोटींच्या, विजेवर चालणाऱ्या. हसू नका. त्या आपल्याला घ्यायच्या नाहीत. आमच्या गटाला घ्यायची आहे ती भाजी आणि बटाटा चाकणच्या बाजारात न्यायला एक मालवाहू तीनचाकी, तीही बॅटरीवरची. पण कोटीची मोटार घेणारा माणूस पैसे मोजण्याआधी जे प्रश्न विचारतो, ते चार लाखांची गाडी घेणाऱ्या बायांनी का विचारू नयेत? त्याची दीड कोटीची गाडी फसली तर त्याच्याकडे दुसरी असते. आपली फसली तर बारा घरांची बचत अडकते आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो.

चाकण आमच्यापासून बावीस किलोमीटर. तिथल्या कारखान्यांत गाड्या तयार होतात हे लहान मुलालाही माहीत आहे. त्यातलीच एक मर्सिडीजची ईक्यूएस ५८०. ही पूर्ण विजेवरची मोटार २०२२ च्या सप्टेंबरात बाजारात आली आणि ती जोडली जाते चाकणला. तेव्हाची तिची किंमत १ कोटी ५५ लाख, एक्स-शोरूम. तिच्यासमोर उभी राहिली बीएमडब्ल्यूची आय ७. ती २०२३ च्या जानेवारीत आली, किंमत १ कोटी ९५ लाख. ती बाहेरच्या देशातून तयार होऊन येते, म्हणून तिच्यावर आयातीचा मोठा कर बसतो. किमतीतल्या चाळीस लाखांच्या फरकात या कराचा वाटा मोठा आहे. तेव्हा जी महाग ती भारी, असं इथं म्हणता येत नाही.

आता या दोघींची तुलना करायला माणूस बसला की पहिला प्रश्न एकच : एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? मर्सिडीजच्या कागदावर आकडा होता ८५७. बीएमडब्ल्यूच्या कागदावर ६२५. म्हणजे मर्सिडीज दोनशे बत्तीस किलोमीटर पुढे. कोणीही म्हणेल, झालं, निकाल लागला.

इथंच थांबायचं. हे दोन आकडे एका मापानं मोजलेले नाहीत. ८५७ हा आकडा आपल्या पुण्यातल्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीचा. ६२५ हा युरोपातल्या चाचणीचा, तिला डब्ल्यूएलटीपी म्हणतात. दोन्हीकडे गाडी एका जागी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगानं चाकं फिरवतात. पण आपल्याकडच्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही, तर युरोपातल्या चाचणीत तो १३१ पर्यंत नेतात. वेग वाढला की वारा अडवतो आणि बॅटरी लवकर उतरते. सायकलवर समोरून वारा आला की पाय कसे भरून येतात, तसंच. म्हणून आपल्या चाचणीचा आकडा नेहमी मोठा दिसतो.

पूर्वी गावात एकाच्या घरची पायली भरून यायची आणि दुसऱ्याच्या घरची आखूड असायची. दोघंही पायलीच म्हणायचे. धान्य घेणारी बाई शहाणी असेल तर आपलं माप घेऊन जायची. इथंही तेच करायचं. मर्सिडीजला युरोपच्या मापानं मोजलं तर तिचा आकडा येतो ६७६. म्हणजे फरक दोनशे बत्तीसचा नाही, एक्कावन्नचा.

अजून एक पाऊल पुढे जाऊ. बॅटरी किती मोठी? मर्सिडीजची १०७.८ किलोवॉट अवर, बीएमडब्ल्यूची १०१.७. किलोवॉट अवर हा शब्द ऐकून घाबरू नका. एक किलोवॉट अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. तेवढंच. म्हणजे मर्सिडीजच्या पोटात जवळपास १०८ युनिट वीज मावते. आमच्या गटातल्या बहुतेक घरांचं महिन्याचं बिल ६० ते ९० युनिटांचं असतं. एका मोटारीत एका घराचा महिना मावतो आणि वर थोडा उरतो!

आता किलोमीटरला युनिटांनी भागा. ६७६ भागिले १०७.८ म्हणजे सव्वासहा. ६२५ भागिले १०१.७ म्हणजे सहाच्या थोडं वर, ६.१५. एका युनिटात दोघीही सव्वासहाच्या आसपासच जातात. कागदावर केवढा मोठा दिसणारा फरक, भागाकार केला की जवळपास नाहीसा झाला. दोन्ही गाड्या अडीच टनांच्या वरच्या आहेत. एवढं वजन ओढायचं तर वीज लागणारच.

मग ती घेणारा माणूस कशावर ठरवतो? कोण कुठं बसणार यावर. बीएमडब्ल्यूमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी छतातून ३१ इंची पडदा खाली येतो, सिनेमा बघायला. मर्सिडीजमध्ये पुढच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेचा पट्टा आहे, त्यात सगळे पडदे. ड्रायव्हर ठेवून मागे बसणाऱ्याची सोय वेगळी आणि स्वतः चालवणाऱ्याची वेगळी. हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट लक्षात आली, ती पुढे सांगतो.

चार्जिंगचंही बघा. मोठ्या चार्जरवर या गाड्या १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर अर्ध्या तासाच्या आसपास येतात, मर्सिडीज ३१ मिनिटांत, बीएमडब्ल्यू ३४ मिनिटांत. पण तसा चार्जर घरी नसतो. घरच्या सोळा अँपिअरच्या साध्या पॉइंटवर तासाला तीन-साडेतीन युनिट जातात. म्हणजे रिकामी मर्सिडीज भरायला दीड दिवस लागेल. तेव्हा दुकानात सांगितलेली अर्ध्या तासाची गोष्ट आपल्या दारात किती खरी, हे ज्यानं त्यानं आपल्या दारात उभं राहून बघायचं.

एक गंमत सांगतो. वीजगाड्यांवरचा जीएसटी २०१९ पासून ५ टक्के आहे. दीड कोटीच्या मोटारीलाही ५ आणि आमच्या तीनचाकीलाही ५. काकू म्हणाल्या, "सरकारनं एवढ्यात तरी आपल्याला त्यांच्या पंक्तीला बसवलं."

आता आमच्या गाडीकडे वळू.

आम्ही तीन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी आम्हाला साधी ई-रिक्षा दाखवली, मागे हौदा बसवलेली. किंमत १ लाख ९० हजार, बॅटरी ॲसिडची, इन्व्हर्टरला असते तशी. ती आम्ही लगेच बाजूला ठेवली. ई-रिक्षाला ताशी २५ किलोमीटरच्या वर वेग नसतो. पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे चार वाजता कंटेनरच्या पुढे २५ च्या वेगानं कोण चालवणार? आणि त्या बॅटरीत पाणी घालत बसायचं, वर्ष-दोन वर्षांत नवी घ्यायची. गावातल्या गावात दूध गोळा करायला ती चालेल. आमच्या कामाची नाही.

राहिल्या दोन. दोन्ही लिथियम बॅटरीच्या. पहिलीची बॅटरी ७.४ युनिटांची, कागदावर १२५ किलोमीटर, किंमत ३ लाख ८० हजार. दुसरीची बॅटरी १०.२ युनिटांची, कागदावर १७०, किंमत ४ लाख ५५ हजार. फरक पंच्याहत्तर हजारांचा.

आम्ही दोन्हीकडे एकच अट घातली. ट्रायल आमच्या रस्त्यावर आणि आमच्या मालासकट. पन्नास किलोची दहा पोती बटाटा, चालवायला तुमचा माणूस, शेजारी आमची एक बाई. निघताना पडद्यावर शंभर टक्के दिसले पाहिजेत. चाकणला जाऊन परत, चव्वेचाळीस किलोमीटर. पहिल्या दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, रिकामीच चालवून बघा की, पिकअप कळेल." पिकअप बघायला आम्ही काय शर्यतीत उतरणार होतो? पोती चढवली.

पहिली गाडी परत आली तेव्हा ४२ टक्के उरले होते. म्हणजे ५८ टक्के खर्च. हिशेब केला तर एका चार्जमध्ये शहात्तर किलोमीटर. कागदावर १२५, भरल्या मालासकट ७६. दुसरी परत आली ६० टक्क्यांवर. तिचा हिशेब येतो एकशे दहा. आणि युनिटाला किती, तर पहिली सव्वादहा, दुसरी पावणेअकरा. म्हणजे इथंही तेच झालं, जे त्या कोटीच्या मोटारींचं झालं. गाडीच्या कामात मोठा फरक नाही, फरक डब्याच्या आकारात आहे. पंच्याहत्तर हजार आपण जास्त देतो ते मुख्यतः मोठ्या डब्याचे.

मोठा डबा आपल्याला लागतो का? एरवी रोज एक खेप. तिला पहिली गाडी पुरते. बटाटा-कांदा काढणीच्या दिवसांत दोन खेपा, अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. तिथं दुसरी गाडी सकाळच्या एका चार्जवर भागवते. पहिलीला दुपारी घरी येऊन दोन तास वीज लागते. दोन तासांत साधारण चार युनिट भरतात, तेवढ्यात दुसरी खेप होते. पण दुपारी वीज असेल तर!

यावर गटात बरीच बोलाचाली झाली. एक म्हणाली, लाइट असतेच की. दुसरी म्हणाली, कधीच नसते. मग सचिव वहिनींनी वही काढली. पंधरा दिवस, सकाळी अकरा ते दुपारी तीन, लाइट कधी गेली आणि कधी आली, हे जिच्या घरी गाडी लावायची तिनं लिहायचं. पंधरातले नऊ दिवस लाइट गेली, पण अर्धा-पाऊण तासच. दोन दिवस मात्र दोन तासांच्या वर गेली. म्हणजे काढणीच्या दिवसांत अधूनमधून एक खेप भाड्याच्या टेम्पोनं न्यावी लागेल. तो खर्च धरूनही पहिली गाडी हिशेबात बसते, असं निघालं. वहीच्या त्या पानानं जे मिटलं ते आवाज चढवून मिटलं नसतं.

महिन्याचा हिशेब असा. आज भाड्याचा टेम्पो एका खेपेला ११०० रुपये घेतो. महिन्याच्या सव्वीस खेपांचे २८,६०० होतात. पहिली गाडी घेतली, ८० हजार गटाचे घातले आणि ३ लाख कर्ज काढलं, व्याज १२ टक्के आणि मुदत चार वर्षं धरली, तर हप्ता ७,९०० च्या जवळपास. चालवणारीची मजुरी दिवसाला ४०० प्रमाणे १०,४००. विमा, फिटनेस, टायर, किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला २,००० बाजूला ठेवायचे. विजेचं बघा : खेपेला बॅटरीतून सव्वाचार युनिट जातात, पण मीटरवर पाच पडतात, कारण भरताना थोडी वीज उष्णतेत जाते. ही गोष्ट कोणताही दुकानदार आपणहून सांगत नाही. युनिट दहा रुपये धरलं तर महिन्याला १,३००. एकूण २१,६००. सात हजार वाचतात. दुसऱ्या गाडीचा हप्ता ९,८७५ होतो, तिच्यात पाच हजार वाचतात.

विजेबद्दल अजून दोन शब्द. जिच्या घरी गाडी लावणार तिचं बिल आज सत्तर युनिटांचं आहे. गाडीचे एकशे तीस मिळवले की दोनशे होतील. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांच्या पुढचा दर चढा आहे. म्हणजे आपल्या गाडीमुळे तिचा शंभराच्या वरचा सगळा भार महाग होतो. तो फरक तिच्या नवऱ्याच्या खिशातून गेला की दोन महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते. म्हणून गाडीच्या पॉइंटला वेगळा सबमीटर बसवायचा, त्याचा आकडा दर पंधरवड्याला वहीत, आणि चढ्या दरानं पैसे गटानं द्यायचे, हे आधीच ठरवलं. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू, असं एकीच्या दिरांनी सुचवलं. ते आम्ही ऐकलं नाही. ती जोडणी पाण्यासाठी आहे. आणि पॉइंटला अर्थिंग हवंच. अंगणात पावसात ओल्या हातानं प्लग लावायचा असतो. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या, त्याचे तीनशे रुपये वाचवू नका.

आता बसण्याची गोष्ट. मघाशी म्हटलं ना, मोटार घेणारा कोण कुठं बसणार हे बघतो. आमची गाडी चालवणार दोघीजणी. दोघींची उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. दुकानात दाखवायला आलेला माणूस आमच्याबरोबर आलेल्या पुतण्याला सगळं समजावत होता. आम्ही त्या दोघींना साडी नेसूनच सीटवर बसवलं. पहिल्या गाडीत ब्रेकवर पाय पूर्ण पोचतो. दुसरीत टाचा उचलाव्या लागतात आणि सीट पुढे सरकत नाही. भरलेल्या गाडीचा ब्रेक टाचा उचलून दाबायचा म्हणजे उतारावर काळजाचा ठोका चुकायचा. दुसरीला पावसाचा दरवाजा चांगला आहे, पहिलीला नुसता पडदा. पडद्याचं निभावता येईल. ब्रेकचं नाही.

आता सगळ्यात जड मुद्दा, वॉरंटी.

मोठ्या मोटारींच्या बॅटरीला लांबची वॉरंटी असते. आय ७ ची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते. 'जे आधी होईल ते' हे शब्द बारीक अक्षरात असतात आणि सगळा अर्थ त्यातच असतो. आमच्या पहिल्या गाडीच्या बॅटरीला तीन वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर. दुसरीला पाच वर्षं किंवा १ लाख २० हजार. दुकानदार ऐंशी हजार हा आकडा जोरात सांगतो. आपण वर्षाला चालवणार किती? चव्वेचाळीस गुणिले सव्वीस गुणिले बारा, म्हणजे पावणेचौदा हजार. तीन वर्षांत एक्केचाळीस हजार. ऐंशी हजार आपल्याकडून कधी होणारच नाहीत, त्याआधी तीन वर्षं संपतात. आपल्या कामाचा आकडा वर्षांचा आहे, किलोमीटरचा नाही.

आणि कर्ज चार वर्षांचं. म्हणजे पहिल्या गाडीत वॉरंटी आधी संपते आणि हप्ता वर्षभर पुढे चालू राहतो. त्या वर्षात बॅटरी बसली तर? बॅटरी हा या गाडीचा सगळ्यात महाग भाग. गाडी दारात उभी, टेम्पोचं भाडं सुरू, आणि ७,९०० चा हप्ताही सुरू. हे मांडल्यावर बैठकीत कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या तिघींनी मंगळसूत्राचे मणी मोडून गटात पहिली भर घातली होती. त्या तिघी गप्प बसल्या म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

मग पहिल्या दुकानात परत गेलो. दोन वर्षांची वॉरंटी वाढवून मिळते, १८ हजार जादा. म्हणजे ३ लाख ९८ हजारांत पाच वर्षं होतात. ठीक. पण पुढचा प्रश्न आम्ही विचारला : बॅटरी 'खराब' कधी म्हणणार? बॅटरी एकदम मरत नाही, दरवर्षी थोडी थोडी उतरते. मोटारींच्या कागदात बहुतेक लिहिलेलं असतं, की मूळ ताकदीच्या अमुक टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून किंवा दुरुस्त करून देऊ. सत्तर टक्के हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. आमच्या शहात्तर किलोमीटरचे सत्तर टक्के म्हणजे त्रेपन्न. चाकणला जाऊन यायला चव्वेचाळीस लागतात. म्हणजे सत्तर टक्क्यांपर्यंत उतरली तरी एक खेप निभते. त्याखाली गेली तर नाही. म्हणून तो टक्का कागदावर हवा. दुकानदार म्हणाला, "कंपनी बघून घेते ताई, तुम्ही काळजी करू नका." आम्ही म्हटलं, काळजी आम्ही करणारच, तुम्ही ते लेटरहेडवर लिहून द्या.

ज्या मैत्रिणी शहराजवळ राहतात आणि माल नाही, प्रवासी रिक्षा चालवायचा विचार करतात, त्यांनी पिंक ई-रिक्षा योजनेची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करावी. त्यात २० टक्के शासनाचे, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि १० टक्के आपले, अशी मांडणी आहे. ती ठरावीक शहरांसाठी आहे, आमच्या गावाला नाही. आणि बॅटरीवरच्या मालवाहू गाडीला २०१८ पासून परमिट लागत नाही, तेव्हा परमिटच्या नावानं कोणी पैसे मागितले तर देऊ नका. विमा आणि फिटनेस मात्र लागतंच. नंबरप्लेट हिरवी असते, धंद्याच्या गाडीला त्यावर पिवळी अक्षरं.

आमचा कल पहिल्या गाडीकडे आहे. ब्रेकवर पाय पोचतो, दुरुस्तीचं दुकान चाकणलाच आहे, आणि हप्ता झेपतो. काकूंचं मत अजून दुसरीकडे आहे. त्यांचं म्हणणं, पाच वर्षं मुळातच कागदावर आहेत, त्यासाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही. त्यांचंही खोटं नाही. दुसऱ्या दुकानदाराला सीटखाली पट्टी घालून ती पुढे सरकवता येईल का, असं विचारलं आहे.

पहिल्या दुकानाचं पत्र अजून आलेलं नाही. सोमवारच्या बैठकीपर्यंत वाट बघू. पत्रात टक्का असेल तर बारा जणींच्या सह्या होतील. नसेल तर सह्या थांबतील, आणि मंगळवारी पहाटे नेहमीप्रमाणे अकराशे रुपये देऊन टेम्पोच सांगू.